८०८० वर दोघं

१० नोव्हेंबर, सोमवार
वाट लागली! सकाळी सहाला घाटकोपरच्या डायलिसिस सेंटरमधून सिस्टरचा फोन — "दीप्ती, पेशंटची यादीच उघडत नाही गं." कुणाला कुठलं मशीन, मागचं वजन किती, औषध किती, सगळं त्या यादीत. अकरा जण ताटकळले. अंबादास आजोबांना धाप लागली, खुर्चीतच ऑक्सिजन लावला.

सेंटरचं सॉफ्टवेअर आमची कंपनी सांभाळते. मरोळच्या ऑफिसात पोचले तर दत्ताराम काका आधीच सर्व्हरसमोर. आमच्यातले सर्वांत जुने. काल अपडेटसाठी त्यांनीच सर्व्हर बंद करून चालू केला होता. वेब सर्व्हर आधी उठला आणि त्याने ८०८० नंबरचा पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, धरला. यादी चालवणारा ॲप्लिकेशन सर्व्हर मागून उठला, त्यालाही तोच हवा. एका पोर्टवर एकच बसतो! हा बंदच पडला. काकांनी त्याला ८०८१ दिला, वेब सर्व्हरला तसं कळवलं. साडेआठला यादी उघडली.

आजोबा बरे आहेत. दोनदा फोन करून विचारलं.

११ नोव्हेंबर
आमचे मॅनेजर धवल सर सगळ्यांसमोर — "दोघांना एकच पोर्ट? बेसिक गोष्ट आहे यार! काका, आता तुम्हाला झेपत नाही." काकांची मान खाली.

१२ नोव्हेंबर
बदलांची नोंद उघडून बसले. वेब सर्व्हरमध्ये ८०८० ची ओळ — ३ सप्टेंबर. नाव माझं!

आठवलं. एक नवं पान तपासायला टाकली होती. पोर्ट अडलेला होता, चाललं नाही, सोडून दिलं. ओळ काढायची राहिली. सर्व्हर बंद होईपर्यंत ती तशीच पडून होती.

माझं प्रोबेशन महिन्याभरात संपतंय. कुणाला बोलले नाही. जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर
एचआरमधली सई कानात म्हणाली — "नार्वेकर काकांना महिनाअखेर सोडायला सांगणार. पत्र टाइप झालंय."

तशीच उठले, सरांच्या केबिनमध्ये. "सर, ती ओळ माझी आहे. काकांची नाही."

सरांनी नोंद उघडून तारीख आणि नाव बघितलं. "हे आज सांगतेस?"

"काल कळलं. काल घाबरले."

प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. पत्र रद्द.

बाहेर आले तर रडूच फुटलं. काका चहा घेऊन उभे. "रडतंस कित्याक गो? माझ्यामुळे एकदा आख्खी बँक दिवसभर बंद होती. मी तर कबूलही केलं नव्हतं."

१५ नोव्हेंबर, शनिवार
नवीन पोर्टवर सगळं नीट चालतंय ना, बघायला घाटकोपरला गेले. यादी झकास उघडली.

सकाळची पाळी, मशीन चार. नवीन पेशंट, आजपासून आठवड्यातून तीनदा — दत्ताराम नार्वेकर. खर्च: कंपनीचा विमा. नोकरी असेपर्यंत.