पुढची सीट नसलेली गाडी व इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटारींच्या सीटा शिवणे, हे मृत्युपत्र माझ्या दुकानातल्या कापड कापायच्या टेबलावर बसून, पूर्ण शुद्धीत व माझ्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले किंवा गोड बोलून राजी केलेले नाही. गोड बोलण्याला मी शेवटची भुलले तेव्हा अडतीस वर्षांची होते.

कलम १. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते एका पानाचे होते आणि त्यात सगळे काही पतींना दिले होते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकीलबाईंनी करावी. त्या कमी बोलतात, म्हणून त्यांना नेमले.

कलम २. दुकानातले जाड कापडाचे शिलाई मशीन, वाकड्या सुयांचा डबा, रबरी हातोडा आणि फळीवरचे सर्व रेक्झिन कोपऱ्यावरच्या छत्र्या शिवणाऱ्या बाईला द्यावे. मशीन डावीकडे ओढते. तिने कापड उजवीकडे धरावे. माझी मोठी कात्री तिने अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली. ती आता तिचीच समजावी, पण मला ते आठवत होते एवढे तिला कळवावे.

समोरच्या टायरवाल्याला काही देता येत नाही, कारण त्याला साक्षीदार केले आहे आणि साक्षीदाराला वाटा नसतो म्हणे. त्याला विचारले तर म्हणाला, "चालेल वहिनी, फुकटची सही काय कमी आहे का?"

कलम ३. मोहरीच्या रंगाची, दोन दारांची, अतिशय लहान गाडी. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावी. कागदोपत्री तिचे नाव वेगळे आहे. मी तिला बटण म्हणते. सीटचे बटण तोंडात घालायची म्हणून.

ही गाडी आमच्याकडे आली तेव्हा दोघांनाच पुरत होती, आणि आम्ही दोघेच होतो. मूल होणार नाही हे तोवर कळून चुकले होते. पती छापखान्यात मुद्रितशोधक, मी दुकानात. आमचे ठीक चालले होते. मग बहिणीचा नवरा तिला सोडून गेला, मुलगी झाली, आणि चारच महिन्यांत बहिणीला परदेशात प्रयोगशाळेत शिकण्याची जागा मिळाली. ती बाळाला घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "दोनच वर्षं, ताई. तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ?" मी पतींकडे पाहिले. ते म्हणाले, "दे इकडे, तिची मान धरायला हवी."

बाळ घरात मावले. गाडीत मावेना. मागची सीट म्हणजे नावाला सीट. तिथे पाळणा आडवा राहीना, उभा राहीना. शेवटी मी पुढची डावीकडची सीट चार बोल्ट खोलून काढली. तिच्या जागी लाकडी पेटी बसवली, आतून चार बोटे फोम, वर मऊ कापड, बाजूंना पट्टे. मी त्या पेटीच्या मागे बसायचे, गुडघे हनुवटीशी घेऊन, म्हणजे हात पुढे केला की बाळाच्या पोटावर पडे. बाळाची ढकलगाडी टपावर, तिच्यावर पालथा टब. लंगोट आणि दुपटी स्टेपनीच्या खळग्यात. एकदा भर चौकात पंक्चर झाले तेव्हा स्टेपनी काढायला टायरवाल्याने आधी तीस-चाळीस लंगोट रस्त्यावर मांडले आणि म्हणाला, "वहिनी, गाडी आहे का कपाट?" आम्ही तिघे रस्त्यात उभे राहून हसलो. बाळही हसले, आम्ही हसलो म्हणून.

गाडीची एक अडचण होती. डावीकडच्या दाराशी पेटी, म्हणून मला बाहेर पडायचे तर आधी पतींनी उतरायचे, त्यांची सीट पुढे वाकवायची, मग मी. बाळाचे दूध सांडले, उतरा. बाळाला उलटी झाली, उतरा. ते उतरत. पावसात, उन्हात, मागून हॉर्न वाजत असताना. कधी बोलले नाहीत. माणूस बोलत नाही म्हणजे त्याचे काही म्हणणे नाही, असे मी धरून चालले.

बटणसाठी सूचना: गाडी अजून चालते, सकाळी चोक ओढावा लागतो. पण स्वतःच्या बाळाला यात बसवू नये. आम्ही तुला जसे नेले ते आज कोणत्याही नियमात बसत नाही, आणि आता आठवले की माझ्या अंगावर काटा येतो. काढलेली सीट दुकानाच्या माळ्यावर गोणपाटात आहे. ती मी परत बसवली नाही. पती एकदा म्हणाले होते, "आता बसव ना ती." मी म्हटले, "मागे बरी आहे मी." पुढे तेहतीस वर्षे मी मागेच बसले. त्याचे कारण पुढच्या कलमात.

कलम ४. धाकटीच्या दोन वर्षांची तीन झाली होती आणि बटण तीन वर्षे चार महिन्यांची होती. तो मंगळवार होता. मला एका बसच्या चाळीस सीटा संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. पती म्हणाले, "आज मी सुट्टी घेतलीय. हिला तळ्यावर बदकं दाखवून आणतो." मी म्हटले, "अहो, टोपी घाला तिला, ऊन आहे." बटणने स्वतःच टोपी घातली, उलटी. मी हातातली सुई ठेवून ती सरळ केली आणि पुन्हा सुई उचलली.

पाच वाजता गाडी दुकानासमोर थांबली. पती उतरले आणि थेट मागे हात धुवायला गेले. मी गाडीत डोकावले. पेटी रिकामी होती आणि तिचे पट्टे नीट लावलेले होते.

"बटण कुठंय?"

"धाकटी आली होती. घेऊन गेली."

"कुठं घेऊन गेली? इथं का नाही आली?"

"तिची गाडी होती चारची. स्टेशनवर दिली मी. तुला सांगितलं असतं तर तू तमाशा केला असतास."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आजच."

घरी गेले तर कपाटातला तिचा खण रिकामा होता. स्वेटरसुद्धा नेले होते. आजच कळलेला माणूस स्वेटर बांधून ठेवत नाही.

मुलगी धाकटीची होती. तिने न्यावी, हे मी एक दिवसही नाकारले नव्हते. तिला मावशी म्हणायलाच शिकवले होते. पण मला स्टेशनवर यायचे होते. तिला कोणत्या कुशीवर झोप लागते, कानात वारा गेला की ती का रडते, हे तिच्या आईच्या कानावर घालायचे होते. ते माझ्याकडून चोरून घेतले गेले.

सहा वर्षांनंतर पतींच्या शब्दकोशात धाकटीचे पत्र सापडले, त्या मंगळवारच्या दोन महिने आधीचे. "भाऊजी, तुमचं म्हणणं पटतं. ताईला आधी काही सांगू नका, तिला वाईट वाटेल. मी येते." म्हणजे पतींना दोन महिने ठाऊक होते. दोन महिने ते माझ्या समोर बसून जेवले. मी पत्र होते तिथेच ठेवले आणि काही बोलले नाही.

कलम ५. धाकट्या बहिणीला माझ्या मालमत्तेतले काहीही देऊ नये. तिने मला पाठवलेली तेवीस पत्रे फक्त परत करावीत. त्यांपैकी चार त्या मंगळवारनंतर आली, ती न फोडलेली आहेत. तशीच द्यावीत.

गेल्या वर्षी बटण स्वतःहून आमच्याकडे आली. छत्तीस वर्षांची, कडेवर आठ महिन्यांचे बाळ. जिना चढताना मला म्हणाली, "तुमच्या हाताला अजून तोच वास येतो, डिंकाचा." चहा झाला. मग म्हणाली, "मावशी, एक विचारू? मी फार त्रास द्यायचे का? आई म्हणते, तुम्हाला झेपेना, म्हणून तुम्हीच मला परत पाठवलं."

पती खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटले.

मी म्हटले, "चहा गार होतोय तुझा." तिच्यासमोर तिच्या आईला खोटारडी म्हणायला जीभ रेटेना. ती गेल्यावर मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले. धाकटीने "झेपेना" हा शब्द माझ्या मृत्यूनंतर तरी मागे घ्यावा.

कलम ६. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित असून माझ्या एकटीच्या नावावर आहेत. पतींना वरच्या खोल्यांत तहहयात राहता येईल. दुकान भाड्याने द्यावे आणि ते भाडे त्यांच्या खर्चाला लावावे. त्यांच्या पश्चात सर्व काही बटणचे. पतींनी शब्दकोश सोबत ठेवावा, तो मला नको.

कलम ७. वरील सहा कलमे लिहून झाल्यावर मी मसुदा पतींकडे दिला. माझे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे आहे आणि त्यांनी चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढल्या आहेत. शिवाय त्यांनी वाचावे अशी माझी इच्छा होती. लपवत नाही.

त्यांनी दोन दिवस घेतले. लाल पेन्सिलीने सत्तावीस चुका काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले, कागद टेबलावर ठेवले आणि कलम चारवर बोट ठेवले.

"इथं एक चूक आहे. 'ठाऊक होते' असं लिहिलंयस."

"मग? नव्हतं?"

"मीच तिला बोलावलं."

मशीन चालू होते. मी पाय काढला.

ते उभ्यानेच बोलले. धाकटीने तेव्हा आणखी दोन वर्षे मागितली होती. तसे पत्र आले होते, माझ्या नावाने. ते त्यांनी मला दिलेच नाही. उत्तर त्यांनी लिहिले: तुझ्या ताईला आता झेपत नाही, ती स्वतः सांगणार नाही, तू ये आणि घेऊन जा, तिच्यासमोर विषय काढू नकोस.

मी विचारले, "का?"

त्यांनी टेबलावरचे धाग्याचे तुकडे गोळा केले. मग म्हणाले, "बाळ पेटीत, तू तिच्या मागं, तुझा हात तिच्यावर. तीन वर्षं मी तुमचा ड्रायव्हर होतो. म्हटलं, ती गेली की तू पुढं येशील." आणि वर, "आणखी दोन वर्षांनी तू तिला दिलीच नसतीस. हेही खरं आहे."

दोन्हींपैकी कोणते जास्त खरे, ते मी विचारले नाही. त्यांनाही ठाऊक असेल असे वाटत नाही.

म्हणजे धाकटी खोटे बोलली नव्हती. तिला जे सांगितले गेले तेच तिने मुलीला सांगितले. आणि मी तिची चार पत्रे न फोडता ठेवली. ती मी त्याच रात्री फोडली. चारही पत्रांत आभार होते. शेवटच्या पत्रात लिहिले होते, "ताई, तुझी तब्येत सुधारली का? झेपेल तेव्हा उत्तर दे."

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. नंबर बटणकडून घेतला.

"कोण?"

"मी. ताई."

मी म्हटले, "मला झेपत नव्हतं असं मी कुणालाही, कधीही म्हटलेलं नाही."

"मग मला भाऊजींनी..." एवढे बोलून ती थांबली. ते वाक्य तिने पुरे केले नाही. मीही केले नाही. तिच्याकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो तिने बंद केला आणि परत आली. "येशील का इकडं?" ती म्हणाली. मी म्हटले गुडघे बघते.

सबब कलम पाच पूर्णपणे रद्द. माझी बचत ठेवीत आहे, ती धाकटीची. वकीलबाई म्हणाल्या, सगळे पुन्हा स्वच्छ लिहून काढू. मी नको म्हटले. कलम चार आणि पाच जसे लिहिले तसेच राहू दे. तेहतीस वर्षे मी काय खरे धरून जगले, ते दिसले पाहिजे.

वकीलबाईंनी आणखी विचारले, कलम सहा बदलायचे का? मी चार दिवस विचार केला. चारही दिवस ते सकाळी चहा करून माझ्या टेबलावर ठेवत होते आणि मी तो गार होऊ देत होते. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवून बाहेर काढण्यात मला रस नाही. खोल्या त्यांच्याकडेच राहतील. क्षमा केली असा याचा अर्थ कोणी काढू नये. मला अजून ते जमलेले नाही आणि जमेल असे वचन मी देत नाही.

मात्र एक अट घालत आहे. बटणला हे मी उद्याच सांगू शकते. पण आपल्याला परत पाठवले असे वाटत ती छत्तीस वर्षांची झाली, आणि ते वाटणे ज्यांनी तिच्या माथी मारले, त्यांनी ते स्वतः उतरवले पाहिजे. मी हयात असताना त्यांनी तिला सांगितले, तर ही अट आपोआप गळून पडेल. आज सकाळपर्यंत सांगितलेले नाही.

नाही सांगितले, तर माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत वकीलबाईंनी बटणला आणि धाकटीला वरच्या खोलीत बोलवावे, आणि हे सातवे कलम पतींनी त्या दोघींसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. त्यानंतरच खोल्यांचा हक्क त्यांना मिळेल. वाचताना त्यांचा आवाज बसला तर पाणी द्यावे आणि थांबावे. लागेल तेवढा वेळ थांबावे. त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी वाचू नये.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाडाखोडीसह मान्य करून सही केली आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझी सही आणि मी त्यांच्या सह्या प्रत्यक्ष पाहिल्या आहेत.

सही: सीटा शिवणारी (लिहून देणार)

साक्षीदार पहिला: समोरचा टायरवाला. (मजकूर न वाचता, फक्त सही बघून.)

साक्षीदार दुसरी: दाखला देणाऱ्या डॉक्टर. (वाचला. माझ्या मते लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत.)

स्थळ: दुकान, कापड कापायचे टेबल
तारीख: १९ मार्च, सकाळी साडेदहा