न गायलेली जागा

ती. मावशीस,

लांबूनच नमस्कार. (जवळून करायला आलो तर तू रविवारसारखे पाय मागे घेशील.) तुझा खांदा आता कसा आहे? मशीनवर बसताना पाठीला उशी घेतेस का, की ती अजून मांजरच वापरतंय? काकांच्या गुडघ्याबद्दल विचारत नाही, कारण त्याबद्दल पुढे सविस्तर लिहायचंच आहे. मी ठीक आहे. म्हणजे जेवण जातं, पण एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा मी आतापर्यंत तीन खुर्च्यांवर आणि एका जिन्यावर बसून लिहिलंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधीच सांगून टाकतो, हे पत्र त्या गाण्याबद्दल नाही. कात्री खाली ठेव.

रविवारी मी आलो होतो तो फक्त तुझी ख्यालीखुशाली विचारायला. आता बोलता बोलता गाण्याचा विषय निघाला, तर त्यात माझा काय दोष? पण मी 'गा' म्हटलं की तू शिलाईमशीन सुरू करायचीस. मी थांबलो की तूही थांबायचीस. असं दुपारभर चाललं. मावशी, मशीनमध्ये दोरा नव्हता. मी कोपऱ्यातून बघत होतो. ज्या बाईंचा झगा तू शिवत होतीस, त्या बिचाऱ्या परवा येऊन तो घालतील आणि सगळ्या शिवणी एकदम उघड्या पडतील, म्हणून एवढं कळवतोय. शेवटी तू तोंडात टाचण्या धरल्यास आणि मानेनेच 'नाही' म्हणालीस, तेव्हा मी उठलो.

स्टुडिओत इकडे सगळ्यांचीच झोप उडाली आहे. जिन्याचं गाणं सहाव्यांदा निघतंय. (हे गाण्याबद्दल नाही, माझ्या नोकरीबद्दल आहे.) संगीत संयोजक घरातसुद्धा काळा चष्मा लावतो, म्हणून आम्ही त्याला गॉगल म्हणतो. त्याच्या डोक्यात आलं की शेवटची ओळ मूळ गायिकेने गावी. मालकांनी विचारलं, "त्या बाई आहेत का अजून?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आहेत म्हणजे? माझी सख्खी मावशी! मी सांगितलं की धावत येतील." 'धावत' हा शब्द मी का वापरला, मला अजून कळलेलं नाही. मालकांनी लगेच फळ्यावर लिहिलं, गुरुवार. आता तू आली नाहीस तर माझी रवानगी मागच्या खोलीत. तिथे लिफ्टमधल्या सूचना रेकॉर्ड होतात. माझ्या आधीचा माणूस तिथेच गेला. परवा त्याच्या घरी गेलो तर तो मला म्हणाला, "कृपया दारापासून दूर उभे राहा." मस्करीत नाही, मावशी. त्याच्या बायकोने डोळ्यांनीच खुणावलं की आता असंच आहे.

तुझा राग मला समजतो. खरंच समजतो. तू एक गाणं गायलीस, त्यात 'मी जिना उतरून गेले, आणि' एवढं म्हटलंस, पुढे सगळं गप्प झालं, आणि मग 'दिवा तसाच राहिला' म्हटलंस. त्या गप्प जागेत काकांच्या हातून ड्रमची काठी पडली होती, हे अख्ख्या खानदानाला पाठ आहे. काका खाली वाकून ती शोधत होते आणि तू थांबली होतीस. पुन्हा घ्यायच्या आत स्टुडिओची वेळ संपली, तीच प्रत बाजारात गेली, आणि लोक वेडे झाले. कुणी म्हणालं त्या शांततेत विरह आहे, कुणी म्हणालं पश्चात्ताप आहे. काठी आहे असं कुणीच म्हणालं नाही.

मग दुसऱ्या गायकाने तिथे उसासा टाकला. तो इतका लांब की रेडिओवाल्यांना वाटलं गाणं संपलं, आणि त्यांनी हवामान सांगायला घेतलं. तिसऱ्यांदा दोन बहिणी गायल्या. त्या म्हणे त्या जागी एकमेकींकडे बघायच्या. (रेकॉर्डवर कुणाला दिसणार होतं?) चौथ्यांदा नाचायची चाल आली आणि शंभर माणसं एकदम "ए!" करून ओरडली. आमच्या दंतवैद्याने फोनवर थांबवून ठेवताना नेमकं तेच लावलंय, त्यामुळे दाढ दुखत असताना अंगावर माणसं ओरडतात. पाचव्या वेळी गादीवाल्यांनी लहान मुलांकडून गाऊन घेतलं आणि जाहिरातीत फक्त ती गप्प जागा वापरली. सुखाची झोप म्हणून! त्या दिवशी तू टीव्हीवर चादर टाकलीस आणि म्हणालीस, "माझ्या गाण्यात मी जिथे गायलेच नाही, तेवढंच लोकांना आवडलं." त्यानंतर तू देवासमोरसुद्धा गुणगुणली नाहीस. आणि काकांना चहाचा कप देताना अजून म्हणतेस, "धरा नीट. तुमच्या हाताचा भरवसा नाही."

तर आता काकांचा गुडघा.

काका व्यायामाला जातात असं तुला वाटतं. मावशी, ते इथे येतात. त्याचं झालं असं की आमच्या ड्रमवाल्याने मनगट मोडून घेतलं (ड्रम वाजवताना नाही, बरणीचं झाकण उघडताना). त्याच दिवशी काका माझ्याकडे राहिलेली छत्री न्यायला आले. ड्रम दिसले. म्हणाले, "नुसता बसून बघतो." बसून बघता बघता त्यांनी काठ्या उचलल्या, आणि मला माझ्या लहानपणचे काका दिसले, ज्यांना गुडघा नव्हता. म्हणजे होता, पण त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

त्यांची अट एकच होती, ती जागा काढून टाकायची. "मी सरळ वाजवत जातो, गाणाऱ्या पोरीनेही सरळ गात जावं," म्हणाले, "एकदा तरी हे गाणं न थांबता होऊ दे, घरी टोमणे खाऊन पोट भरलंय." गॉगलच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जागा म्हणजे त्याला देव्हारा. शेवटी ठरलं की आधी काकांच्या पद्धतीने करून बघू, तुझी ओळही तूर्त त्या पोरीनेच गायची.

गाणारी मुलगी चांगली आहे. एवढीशी आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. तिचं हे पहिलंच रेकॉर्डिंग, आणि बाहेरच्या बाकावर दुसरी एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन बसलेली. चिमणीला ती काचेतून दिसत होती. (तुझ्या वेळीही बाहेर बाक होता ना? तूच सांगायचीस, नवीन मुलगी ओळ विसरली की तिला "बरंय, कळवू" म्हणायचे आणि बाकावरचीला आत घ्यायचे. वाजवणारा चुकला तर नुसत्या शिव्या देऊन पुन्हा घ्यायचे.)

लाल दिवा लागला. चिमणी गात आली. 'मी जिना उतरून गेले, आणि'. आता लहानपणापासून तिने हे गाणं ऐकलंय ते त्या जागेसकट. तिथे श्वास घ्यायचा हे तिच्या अंगात भिनलेलं. जागा काढून टाकल्यावर श्वास राहिला आणि ओळ गेली. तोंड उघडं, डोळे मोठे, नजर बाकाकडे. आणि खट्टकन काठी पडली.

"माफ करा हां," काका म्हणाले. "वय झालं." मग ते वाकले, गुडघा वाजला, काठी शोधायला भरपूर वेळ लावला. तोवर चिमणीला ओळ आठवली होती. पुन्हा घेतलं. ती पुन्हा अडली, काठी पुन्हा पडली. तिसऱ्यांदाही तेच. गॉगल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "या आजोबांना कुठून आणलंत हो?" मालकांनी कपाळावर हात मारला. सगळे काकांवर चिडले होते. चिमणीकडे कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. चौथ्या वेळी ती ओळ खणखणीत गायली, आणि त्या वेळी काठी जागच्या जागी. त्यानंतर दिवसभर एकदाही पडली नाही.

मावशी, तिसऱ्या वेळी मी काचेला नाक लावून त्यांच्या हाताकडेच बघत होतो. काठी निसटत नाही. काका मूठ उघडतात.

तेव्हापासून मी येरझाऱ्या घालतोय. तुझ्या रेकॉर्डिंगच्या वेळी मी जन्मलोही नव्हतो, तेव्हा मला तोंड उघडायचा अधिकार नाही. तू नेहमी म्हणतेस, "ओळ अगदी जिभेवर होती, यांच्या काठीने उडवली." असेलही. मी फक्त एवढंच विचारतो, आणि उत्तर मला नकोच आहे, मशीनवर बसून स्वतःलाच दे: आधी काय गेलं होतं, काठी की ओळ?

बाकी विशेष काही नाही. खांद्याला शेक देत जा. मशीनमध्ये दोरा घाल.

तुझा,
बसायला जागा नसलेला भाचा

ता. क. गाण्याबद्दल नाही म्हटलं होतं ना, तर हे पत्राच्या बाहेर आहे, म्हणून चालेल. गुरुवारी सकाळी गाडी पाठवतो. एकच ओळ आहे, 'दिवा तसाच राहिला'. त्या आधीची गप्प जागा पुन्हा घातली आहे, काकांनीच घाला म्हटलं. चिमणी म्हणते, त्या बाई समोर असतील तर मी आणखी घाबरेन. मी तिला म्हटलं, त्याची व्यवस्था आहे.

ता. क. दुसरा. लिफ्टचं मी वाढवून सांगितलं असं तुला वाटेल. आज मालकांनी माझ्याकडून 'तळमजला' तीनदा म्हणवून घेतलं आणि म्हणाले, आवाज बरा आहे.

ता. क. तिसरा. काका आता घरीच निघालेत, म्हणून पत्र त्यांच्याच हाती देतो. तुला म्हणतील, रस्त्यात भेटला. तू मान डोलव. त्यांना यातलं काही माहीत नाही, मी पाकीट चिकटवलं आहे.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

पाकीट नीट चिकटलं नव्हतं. पोराचं मनावर घेऊ नकोस, त्याला काचेतून काय दिसणार? तेव्हा काठी खरंच सुटली होती. तू ओळ विसरली नव्हतीस. गुडघा बरा आहे. गुरुवारी आलीस तर गाताना घाई करू नकोस, मी जास्तीच्या काठ्या आणून ठेवल्या आहेत.