दिव्यापुढचं सोवळ्यातलं धोतर

काचीगुडा, हैदराबाद दख्खन
मार्गशीर्ष, शके १८६०

तीर्थस्वरूप केशवदादास अनंताचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळी खुशाल. नैरोबीची हवा तुला मानवते का आणि वहिनींना तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का, हे आईनं पहिल्याच ओळीत विचारायला बजावलं होतं, ते विचारलं.

तुला बाबांचा डोळे उघडे असलेला फोटो हवा होता. मागायला तुझं काय जातं! त्यांनी खटपट करून लावून दिलेली मालगुजारीतली नोकरी सोडून तू आफ्रिकेला गेलास, तेव्हापासून ते तुझं नाव घेत नाहीत. म्हणून फोटो पेन्शनीची आठवण म्हणून काढतोय, अशी मी थाप मारली. अंगणात उजेड चिकार, पण शेजाऱ्यांच्या देखत तसबीर काढून घेणं त्यांना नामंजूर. तेव्हा बैठकीतच, अंगात शेरवानी, डोक्यावर दस्तारची पगडी चढवून, भिंतीला पाठ लावून. (दस्तार मनासारखी बसेपर्यंत तुझी आगबोट मोंबासाला लागली असती.)

घरात उजेडाची बोंब, म्हणून मी आबिदच्या बाजारातल्या दुकानातून फोटोचे चमकते दिवे आणले. हा दिवा एकदाच लखकन पेटतो आणि कामातून जातो. ही उधळपट्टी बाबांना बघवेना, आणि आता पेटणार या धास्तीनं ते आधीच डोळे मिटून घेत. पहिला फोटो धुऊन आला तो असा : कपाळ पांढरंफटक, मागे भिंतीवर काळीकुट्ट सावली, डोळे बंद. वर हार घालायचाच काय तो बाकी. आई आधी रडली आणि मग मला रागावली. दुकानदार म्हणाला, दिव्यापुढे पातळ पांढरं कापड धरा, उजेड नरम पडतो, माणूस दचकत नाही.

दुसऱ्या खेपेचा मुहूर्त बाबांनी स्वतः पंचांगातून काढला, तो नेमका पूजेच्या आधीचा निघाला. मी घाईघाईनं दांडीवरचं एक झिरझिरीत धोतर ओढलं. ते त्यांचं पूजेचं सोवळ्यातलं! झालं. माझा पारोसा हात लागला, धोतर ओवळं झालं. धोतर नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून नैवेद्य नाही, आणि नैवेद्य नाही म्हणून फोडणीचा वास घेत सगळे उपाशी. (मी तर सकाळचा चहाही घेतला नव्हता, पण ते कोण विचारतंय?) शेवटी सोवळ्यातल्या आईनं धोतर पुन्हा धुऊन पिळलं आणि म्हणाली, नाहीतरी वाळवायचंच आहे, मीच धरते दिव्यापुढे, तू लांब राहा. आई दोन्ही हात पसरून उभी, धोतराचं पाणी जाजमावर ठिबकतंय, आणि समोर बाबा डोळे गच्च मिटून. दिवा शेवटचा उरलेला. मी विनवण्या केल्या, आईनं समजूत घातली, छे, पापणी हलेना.

मग आई दाराकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाली, "केशव आला वाटतं."

बाबांनी डोळे उघडले, मान दाराकडे वळली, आणि मी कळ दाबली.

दारात कुणीच नव्हतं. बाबांनी दस्तार उतरवून ठेवली, आणि ओलंच धोतर नेसून ते पूजेला बसले. त्या दिवशी पूजा फार लांबली, आणि मला जेवण गेलं नाही.

फोटो सोबत पाठवला आहे. कपाळ चमकत नाही, सावलीही मऊ पडली आहे. नजर कॅमेऱ्याकडे नाही, तेवढं गोड मानून घे.

तुझा
अनंत

ता. क. : बाबांनी आईशी बोलणं टाकलं आहे. पाणीसुद्धा माझ्याकडे मागतात. बैठकीतली त्यांची खुर्ची मात्र आता दाराकडे तोंड करून ठेवलेली असते. मी सरळ केली तर पुन्हा फिरवतात.

आणखी एक : आईच्या मनाला लागलंय की आपण सोवळ्यात खोटं बोललो. याला प्रायश्चित्त काय ते भटजींना विचारून ये, म्हणून ती माझ्या मागे लागली आहे. मी गेलेलो नाही. दादा, तू ये आणि त्या दारात उभा राहा, म्हणजे ती खोटं बोललीच नाही असं होईल.