तेवढं ॲडजस्ट

तीर्थरूप आईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून शैलजाचा नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहेत. तुझे गुडघे कसे आहेत?

म्हैसुरात ‘ॲडजस्ट’ या एका शब्दावर संसार चालतो. बसच्या बाकावर चौथी बसली, ॲडजस्ट. सारात मीठ कमी पडलं, पाहुणे न सांगता आले, तरी ॲडजस्टच. मीही सगळ्यांना हेच म्हणत आले.

गुरुवारी बेट्टदपुरला देवाला गेले. परत येऊन बघते, तर देवघरात सूनबाईचं ऑफिसचं टेबल! तू लग्नात दिलेली अन्नपूर्णा नि बाळकृष्ण फ्रिजवर. विजयेंद्र म्हणतो, “अम्मा, स्वल्प ॲडजस्ट कर ना!” पूजिता बिचारीला वाटलं होतं, यानं मला आधी विचारलंय.

पोराचं सोड. पण यांना सगळं ठाऊक होतं. सकाळी बसमध्ये मला खिडकीची जागा धरून देत म्हणाले, “सावकाश ये, घाई नको.” इतक्या मायेनं कधी बोलले नव्हते गं. दिवसभर मी त्याच आनंदात होते.

देव आता मी आमच्या निजायच्या खोलीत मांडलेत. यांची खाट व्हरांड्यात काढली. “मी इथं बाहेर निजू?” म्हणून विचारत होते. मी वात लावत होते, मान वर केली नाही.

गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी,
शैलजा