बबनरावाचं घड्याळ

इंझोरी, ६ एप्रिल २०२५

चि. उज्ज्वलाले आजीचा आशीर्वाद.

गुडघे सोडून मी बरी हाये. फोनवर सांगाची गोष्ट नोहे, म्हणून कागद काळा करून राह्यली.

बबनराव आला होता, पेढे घेऊन. बारा वर्सांआधी कारंज्याच्या कॉलेजात प्रवेश परीक्षेचा केंद्रप्रमुख होता तोच, आताबी हाये. एसटी लेट झाली, तू फाटकापाशी पोचली तवा फाटक बंद व्हाले तीन मिनटं बाकी होते. यानं मनगट पाह्यलं आन म्हणे, माह्या घड्याळात टाइम संपला. तुह्यं सालभर वाया गेलं. आता त्याची नात पिंकी परीक्षेले बसते, आन त्याले समजलं का इद्यापीठाची सारी प्रवेश परीक्षा तूच पाह्यतं. म्हणे, गोजराबाई, पेपर तेवढा काढून द्या.

मी नाही म्हटलंच नाही. त्यानं तुले सोडवू देल्ला नाही तोच पेपर तुह्या पेटीत होता, तुह्या मास्तरनं नंतर आणून देल्ला तो. वरचं साल फाडलं आन देल्ला त्याच्या हातात. चाटू दे.

पेढे बरे होते. मायेची ऊब राहू दे.

गोजराबाई


अमरावती, ११ एप्रिल २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला. अगं, पेपर मीसुद्धा पाहत नाही. चाळीस प्राध्यापकांकडून प्रश्न येतात, त्यातले कॉम्प्युटर परीक्षेच्याच सकाळी वेचतो. पण उज्ज्वलाच्या घरून पेपर फुटला एवढी अफवा उठली तरी माझी नोकरी गेली. म्हणून कोणी काय मागितलं आणि तू काय दिलंस, ते आजच साहेबांना लेखी दिलं. तुझं वाचून ते हसले, बबनरावाचं वाचून नाही.

पिंकीला मात्र लगेच सांग की पेपर जुना आहे. तिचा काय गुन्हा? तू म्हणशील, तुझा काय होता. काहीच नव्हता, म्हणूनच सांगते.

रागव, पण माया कमी करू नकोस.

तुझी उज्ज्वला


इंझोरी, ९ मे २०२५

चि. उज्ज्वलाले आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं त्याच दिशी पिंकीले सांगतलं. पोरगी आज्याहून शहाणी निंगाली. त्याले न सांगता आपला अभ्यास केला, पेपर चांगला गेला म्हणते. आज्याले मी सांगतलं नाही. तूबी सांग म्हटलं नव्हतं.

त्यानं मोठेपणापायी तो पेपर चार दोस्तांच्या लेकरायले वाटला, कारंज्याच्या रतनलालशेठच्या जिनेशलेबी. परीक्षेत त्यातला एक सवाल आला नाही. आता चौघे बाप त्याच्या ओट्यावर ठाण मांडून हायेत. तक्रार तरी काय करतीन, पेपर फुटला नाही म्हणून?

वरून तुह्या हापिसाचं पत्र आलं. त्याच्याकडचं परीक्षा केंद्र रद्द, आन त्याले जबाब द्याले बलावलं. काल धावत आला, म्हणे उज्ज्वलाले सांगा, एकडाव माह्यं ऐकून घे म्हणा. मी फाटक लोटलं, कडी घातली, आन फटीतून सांगतलं का माह्या घड्याळात टाइम संपला.

वाळली असशीन, जेवत जाय. आजीवर जीव हाये तसाच ठेव.

गोजराबाई

ता. क. आपल्या घरात घड्याळ नाही, हे कोणाले सांगू नको.