चुकीच्या दारी क्षमा

१८ फेब्रुवारी, बुधवार
भस्म बुधवार. ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू. गेल्या वर्षी चहा सोडला होता. आठवडाभरात मम्मीच म्हणाली, "बाई, तू चहा पी, चिडचिड सोड." यंदा चहा चालू. त्याऐवजी रोज सकाळी शाळेत शिकवायला निघण्याआधी बायबलचा एक अध्याय, मत्तयपासून.
म. १. नुसती वंशावळ. अडखळले, पण एकही नाव गाळलं नाही.

२२ फेब्रु., रवि.
म. ५. वेदीपाशी दान आणलं आहे, पण भावाशी बिनसलं आहे, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर. वाचताना एकच चेहरा समोर. शांताआत्या.
संध्याकाळी मराठी उपासनेत ती नेहमीसारखी पुढच्या बाकावर. मी सलाम केला. तिने वरून खाली बघितलं. "ओढणी नीट घे." रिटायर झाली तरी मेट्रनच. अख्खी मंडळी तिचं हॉस्टेल.

२३ फेब्रु., सोम.
म. ६. प्रभूची प्रार्थना. लहानपणापासून तोंडपाठ, म्हणून कधी ऐकलीच नव्हती. आज क्षमेच्या ओळीपाशी जीभ थांबली. मी आत्याला क्षमा केलेली नाही.
बारावीनंतर जबलपूरला नंबर लागला होता. हॉस्टेलची खोलीसुद्धा मिळाली होती. आमच्या घरात कॉलेजात जाणारी पहिली मीच. मम्मीने ट्रंक घासून ठेवली होती. त्याच जूनमध्ये आत्या जिन्यावरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि ती आमच्याकडे इंद्रपुरीला आली. पप्पा म्हणाले, "ताईची इच्छा आहे, तूच जवळ राहावंस." राहिले. वर्षभर बेडपॅन, शेक, वॉकर. 'तू होतीस म्हणून निभावलं' असं एकदाही तिच्या तोंडून आलं नाही. वॉकर सुटला त्याच दिवशी ऑटो मागवून जवाहर चौकातल्या तिच्या खोलीवर निघून गेली. पुढे मी बी.एससी. इथेच केलं. जबलपूर अजून बघितलेलं नाही.
ठरलं. ईस्टरच्या आत आत्याला क्षमा. पूर्ण. मनापासून.

१ मार्च, रवि.
पहिला रविवार, प्रभुभोजन; मेजापाशी जाऊन भाकर आणि प्याला घ्यायचा. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे मेजापाशी थांबले. कोणाचं कोणाशी बिनसलेलं असेल त्याने बसून राहायचं, ही आमच्या मंडळीची जुनी रीत. बसलेला माणूस सगळ्यांना दिसतो, म्हणून सहसा कोणी बसत नाही. आत्या सगळ्यांत आधी उठली. तिने आजवर एकही प्रभुभोजन चुकवलेलं नाही, हे ती ज्याला त्याला सांगते. मीही उठले. उठायला नको होतं बहुतेक.

५ मार्च, गुरु.
बसमध्ये प्रार्थना केली. मिसरोद आलं तेव्हा छाती हलकी. आत्याचा चेहरा आणून बघितला, राग नाही. खरंच नाही! वर्गात मुलं काल होळी खेळून आलेली, कान अजून हिरवे. सगळ्यांवर माया येत होती. एकाने विचारलंच, "मॅम, आज टेस्ट नहीं लेंगी?"
उद्या मंडळीची घरप्रार्थना आमच्याकडे आहे. साक्ष द्यायची, प्रभूने माझ्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं.

६ मार्च, शुक्र.
काय केलं मी हे.
सगळे आले होते. आत्या खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. गीत झालं. पाळकसाहेब म्हणाले, कोणाला साक्ष द्यायची आहे? उभी राहिले. हॉस्टेल, हाड, वर्ष, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आज मी शांताआत्याला मनापासून क्षमा केली आहे."
वाटलं होतं, कोणीतरी 'प्रभूची स्तुती असो' म्हणेल.
आत्या म्हणाली, "काय केली?"
"क्षमा."
"कशाबद्दल गं?"
मग पर्स उचलली. दारात वळून बोलली, "चार लोकांत माझं नाव घेतलंस ना? आता जे खरं आहे तेही चार लोकांत होऊ दे. तोवर मी मेजापाशी येणार नाही." आणि जिना उतरली, कठडा धरत, एकेक पायरी.
पोहे तसेच राहिले. पप्पा तिला सोडायला गेले नाहीत. चपला शोधत बसले. चपला समोरच होत्या.

७ मार्च, शनि.
म. १८. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकटा जा, दोघांतच बोल.
दोघांतच! हा अध्याय काल का नाही आला?
पाळकीणबाईंचा फोन आला. हसू दाबत होत्या असं वाटलं. "सुवार्ता, रोज एक अध्याय चांगलं आहे गं. पण उभं राहायच्या आधी पुढचा जरा चाळून बघत जा." मग म्हणाल्या, म. ५ पुन्हा वाच. वाचलं. तिथे लिहिलंय, भावाच्या मनात *तुझ्याविरुद्ध* काही असेल तर. मी उलटंच धरून बसले होते. आता मात्र तसंच झालं आहे. तिच्या मनात माझ्याविरुद्ध.

८ मार्च, रवि.
रंगपंचमी. मम्मी म्हणाली, आज घराबाहेर पडू नकोस. पडले. जवाहर चौकात पोचेपर्यंत कोणीतरी गच्चीतून अख्खी बादली ओतली. आत्याने दार उघडलं.
"कौन है?"
"मी. सुवी."
"कोण मी? चेहरा कुठाय?" मग ओळखलं. "आली का माफीवाली मेमसाब. पायपुसण्यावर उभी राहा. हलू नकोस. चादर कालच धुतली आहे."
मी तिथेच म्हणाले, आत्या, मी चुकले. तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं.
ती आत गेली. वाटलं, संपलं. बेसन आणि तेल घेऊन आली. मला मोरीपाशी बसवून तोंड चोळायला लागली. हात अजून तसाच, खरखरीत. चोळता चोळता बोलत होती.
"अक्कल चालव जरा. जन्मभर मी हॉस्टेलात पोरी सांभाळल्या. झाबुआपासून कुठून कुठून यायच्या, रडत यायच्या, नर्स होऊन जायच्या. आणि माझ्याच भाचीला म्हणेन, हॉस्टेलात जाऊ नको? मी?"
मी म्हणाले, पप्पांनी सांगितलं, तुमची इच्छा होती.
हात थांबला.
"मी भास्करला म्हटलं होतं, बाई ठेव, पोरीला जाऊ दे. तो म्हणाला, सुवीच म्हणते मी थांबते. मला वाटलं, तुझं जायचं मनच नाही. घाबरलीस. त्याचाच राग होता मला. वर्षभर."
माझ्या डोळ्यांत बेसन गेलं होतं.
मग ती हसायला लागली. "वर्षभर मी तुझ्यावर रुसलेली, तू माझ्यावर. आणि बेडपॅन मधल्या मध्ये." मीही हसले. पोट दुखेपर्यंत. इतकं मोकळं कधी वाटलं होतं आठवत नाही. चहा झाला. निघताना गूळपापडी दिली. परीक्षेच्या वेळी दर वर्षी पाठवायची तीच. मी ती कधी खाल्ली नव्हती. मम्मीला द्यायचे. आज बसमध्ये सगळी संपवली.

९ मार्च, सोम.
हसू उतरलं.
पप्पा.

११ मार्च, बुध.
संध्याकाळची आमची घरातली प्रार्थना ठरलेली. तिघं, पाळीपाळीने एकेक वचन. पप्पांचं शिक्षण हिंदीत, मग कारखाना. मराठी पवित्र शास्त्र ते बोट ठेवून वाचतात. लहानपणी मला वाटायचं, त्यांच्या बोटातून वचन माझ्याकडे येतं. आज त्यांची पाळी संपली आणि मला माझी ओळ सापडेना. मम्मी म्हणाली, "लक्ष कुठाय?"
आत्याला क्षमा करणं सोपं होतं. ती मला फारशी आवडतच नव्हती.

१३ मार्च, शुक्र.
घरप्रार्थना दुसऱ्या एका घरी. पुन्हा उभी राहिले. एवढंच म्हणाले, "गेल्या शुक्रवारी मी शांताआत्याबद्दल बोलले ते खरं नव्हतं. मला थांबायला त्यांनी सांगितलं नव्हतं. माझी चूक झाली. त्यांनी मला माफ करावं."
मागून कोणीतरी विचारलं, मग कोणी सांगितलं होतं? मी म्हणाले, ते माझ्या घरातलं आहे. पप्पा भिंतीला टेकून बसले होते. वर बघितलं नाही.
आत्याने माझा हात दाबला. बाहेर आल्यावर मी म्हणाले, आता याल ना ईस्टरला?
"तुझं झालं गं बेटा. भास्करचं बाकी आहे. खोटं बोलताना त्याने माझं नाव वापरलं. धाकट्यासमोर मी झुकणार नाही."
"आजवर एकही चुकवलं नाही तुम्ही."
"हां. मालूम आहे मला." आवाज बारीक झाला.

१८ मार्च, बुध.
मत्तय काल संपला. आज मार्क १. मार्क भरभर जातो, कोणाला उसंत देत नाही. बरं वाटतं.
घरी बोलणं फक्त मीठ दे, दार लाव एवढंच.

२२ मार्च, रवि.
ऊन वाढलं. पप्पा गॅलरीत कूलर उघडून बसले होते, जुनं गवत काढून नवं भरायला. मी जाळी धरली. दर वर्षी मीच धरते.
मी म्हणाले, "पप्पा, जबलपूरला जाण्यापासून मला तुम्ही थांबवलंत."
पान्याने तोच नट फिरवत राहिले. तो कधीच घट्ट झाला होता.
"ताईने सांगितलं?"
"हो."
पाना खाली ठेवून म्हणाले: "तुला गाडीत बसवून एकट्याने परत यायचं. मला जमलं नसतं, बेटा. ताई पडली आणि मला निमित्त मिळालं."
मी म्हणाले, पण आत्याचं नाव का?
"ताईवर कोणी रागावलं तर तिला फरक पडत नाही. तू माझ्यावर रागावली असतीस तर मला पडला असता."
मी जाळी खाली ठेवली. आदळली नाही. ठेवली. आत गेले. ते क्षमा मागतील असं वाटलं होतं. त्यांनी कूलर चालू करून बघितला.
रडले. पण दोन आठवडे छातीत जे अडकलं होतं ते निघालं. निदान खरं कळलं. खऱ्याला धरायला जागा असते.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
आत्या आली, पण शेवटच्या बाकावर बसली. पुढची जागा रिकामी. तिथे कोणी बसायची हिंमत केली नाही.
पप्पांनी दोनदा मागे वळून बघितलं.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)
दुपारची लांब उपासना. पंखा आमच्या बाजूचाच बंद. वधस्तंभावरून क्षमा मागितली गेली ती अशा लोकांसाठी, ज्यांनी ती मागितलीच नव्हती. दर वर्षी ऐकते. आज पप्पांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. मी सरकले नाही. एवढंच. यापेक्षा जास्त लिहिलं तर खोटं होईल.

५ एप्रिल, ईस्टर
लिहिते नीट, विसरायला नको.
हॉल भरलेला. मम्मीची नवी साडी. पाळकसाहेब मेजापाशी थांबले, नेहमीचे शब्द बोलले. लोक उठायला लागले. मम्मी उठली. मी उठले. पप्पा उठले नाहीत.
मम्मी कुजबुजली, "अहो, उठा ना. लोक बघतायत."
"बघू दे."
मागे आत्या बसलेली. इथे पप्पा बसलेले. सगळी मंडळी मेजाकडे जाता जाता दोघांकडे बघत होती. मग पप्पा उभे राहिले, पण मेजाकडे तोंड करून नाही, मागे वळून. पप्पा चार लोकांत कधी बोलत नाहीत. प्रार्थनासुद्धा मनात करतात.
"सुवीला मी थांबवलं होतं," ते म्हणाले. "ताईने नाही. ताईला मी खोटं सांगितलं, सुवीलाही. एवढंच." आणि पुन्हा बसले.
मग काठीचा आवाज आला. आत्या मधल्या वाटेने येत होती, हळूहळू, कारण ती मांडी अजून दुखते. पप्पांच्या बाकापाशी थांबली.
"झालं बोलून?"
"हो ताई."
"मग ऊठ. मी एकटीने पायऱ्या चढू का?"
पप्पांनी तिला हात दिला. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पाळकीणबाई उघड उघड रडत होत्या. मी दोघांच्या मागे गेले. भाकर घेतली, प्याला घेतला. आत्या गुडघे टेकून उठताना म्हणाली, दबक्या पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "ओढणी, सुवी."

६ एप्रिल, सोम.
सुट्टी. आत्या कालपासून आमच्याकडेच. सकाळपासून मम्मीच्या स्वयंपाकघराची पाहणी चालली आहे. मम्मी म्हणते, ईस्टर झाला, आता माझा उपवासकाळ सुरू.
लूक ४ वाचला. आत्या म्हणाली, मोठ्याने वाच, मला चष्मा सापडत नाही. चष्मा तिच्या डोक्यावर होता.
चहाच्या वेळी पप्पा गॅलरीत. कूलरची पाण्याची पाइप जोडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जबलपूर कसं आहे बघायला?"
"मला काय माहीत? मी कुठे गेले?"
"हां." पाइप घट्ट करत, "मी पण नाही गेलो कधी. सकाळची गाडी असते म्हणे. दोघं जाऊन येऊ? नुसतं बघून."
आत्या आतून ओरडली, "आणि मला कोण नेणार?"
या वेळी उभं राहून काही जाहीर करणार नाही, स्वतःशीसुद्धा नाही. मी पाइपचं दुसरं टोक धरलं. पाणी आलं, आधी मातकट, मग स्वच्छ व्हायला लागलं.
पप्पा अजून उत्तराची वाट बघतायत. आत्ता हे लिहितानाही खिडकीतून दिसतायत.