चौथ्या औषधावरची लाल रेघ

साहेब,

रामाकोन्याच्या त्या संत्राबागेत आता दुसरीच झाडं आहेत. आपली अठ्ठावीस मात्र मला ओळीनं आठवतात: सहा औषधं, सातवं नुसतं पाणी, प्रत्येकी चार झाडं. गळलेली फळं तुम्ही मोजायचे, मी लिहायचो. फळगळ कशानं थांबते एवढंच पाहायचं होतं. पण सहा औषधं तपासली की एखादं निव्वळ योगायोगानंही गुणकारी दिसतं. म्हणून अशा प्रयोगात शंभरात पाच चुकांची जी मुभा असते, तिचे तुम्ही सहा सारखे वाटे करायचे आणि प्रत्येक औषध त्या एका वाट्याच्या कडक मापानं तपासायचे. "शेतकऱ्याले बांधावर उभं राहून सांगता आलं पाहिजे," हे तुमचं म्हणणं. त्या मापात एकच औषध टिकलं. दुसरं, चांगलं कामाचं, पडलं.

मी मॅट्रिक. नागपूरहून पोस्टानं पुस्तक मागवून, शब्दकोश बाजूला घेऊन, मी एक पायऱ्यांची रीत शिकलो होतो. ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम, ते औषध आधी त्या मुभेच्या सहाव्या हिश्शावर तपासायचं. ते टिकलं की पाचच उरतात, म्हणून पुढचं पाचव्या हिश्शावर, म्हणजे जरा सैल मापावर, त्यापुढचं चौथ्या. चुकीची मुभा तेवढीच राहते आणि दुसरं औषध वाचतं. सौंसरच्या ऑफिसात मी कागद पुढे ठेवतो. तुम्ही चष्मा कपाळावर चढवता.

"वा बाबू, मलेच शिकवून राहिला? सांग, मी शेतकरी आहो समज."

मी सांगतो. तुम्ही मान डोलावता, मग तुमचं बोट तिसऱ्या औषधावर थांबतं.

"हे पडलं ना?"

"केसभर, साहेब."

"पडलं तं पडलं. मंग चौथ्याचं दार कायले ठोकलं?"

"ते तिसऱ्या हिश्शात बसते."

"बसन. पण तिथवर पोचलंच कुठी?"

चौथं औषध माझं होतं. निंबोळीचा अर्क, मीच घरी उकळून तयार केलेला. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही त्यावर लाल पेन्सिलनं रेघ ओढली, दुसऱ्या औषधावर बरोबरची खूण केली आणि वरच्या ऑफिसला लिहिलं, ‘रीत आमच्या सहायकाची.’ माझ्या कामाची अशी लेखी नोंद त्याआधी कोणी केली नव्हती. रेघेबद्दल तुम्ही कोणाजवळ बोलला नाहीत. मला एवढंच म्हणालात, "नवं शिकताना एखादी पायरी नजरेतून सुटते."

सुटली नव्हती, साहेब. एक पडलं की तिथंच थांबायचं, हे वाक्य मी पुस्तकात स्वतःच्या हातानं अधोरेखित केलं होतं. हे पत्र त्याच पानात ठेवतो आहे.